एकतीस रुपयांची तेजी

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. नोकरीची बेडी तोडून स्वतंत्र धंद्यात नाव काढलेल्या एका अनुभवी गृहस्थानं तरुणांना स्फूर्ती मिळेल अशी चार पानं लिहावीत, अशी त्यांची इच्छा. तो अनुभवी गृहस्थ म्हणजे मी. पत्र वाचलं आणि चुलीत घालायला निघालो होतो, तेवढ्यात गेल्या आठवड्यातली गोष्ट आठवली. इथल्या शाळेतले एक ड्रॉइंगमास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. राजीनामा लिहून खिशात घालूनच आले होते. म्हणाले, “बापू, शाळा सोडतो आणि पूर्णवेळ वायद्यात उतरतो. तुम्ही नाही का जिनातली नोकरी सोडली? आशीर्वाद द्या.”

मी त्यांना चहा पाजला आणि हाकलून दिलं. तरी ते हसतच गेले. यशस्वी माणसाचा विक्षिप्तपणाही लोकांना गोड लागतो. तेव्हा लिहितोच म्हटलं. एवढं वाचूनही कुणाला स्फूर्ती आली, तर त्या माणसापुढे मी हात टेकले.

मी मुळात पारखी. नंदुरबारच्या एका जिनात चौदा वर्षं कापूस पारखायचं काम केलं. ज्यांनी जीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाशीच्या बोंडातून जो कापूस निघतो त्यात सरकी असते. ती यंत्रावर वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, हे जिनाचं काम. दिवाळी झाली की दारात गाड्या लागायच्या त्या होळीपर्यंत. प्रकाशा गावाकडून तापीकाठचा माल यायचा, धानोऱ्याचा यायचा, खांडबाऱ्याहून आगगाडीनं यायचा. मी प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घालायचो, कारण वरचा थर सगळेच चांगला लावतात. मधला कापूस उपसायचा, चिमटीत धरून ओढायचा. तंतू किती लांब, किती चिवट, ओल किती, कीड किती, ते बोटांना कळतं. मग मी एकच शब्द बोलायचो. पहिला, दुसरा, तिसरा, नाहीतर परत. त्या शब्दावर गाडीचा भाव ठरायचा आणि पुढे कुणी घासाघीस करायचं नाही.

एकदा मालकाच्या साडूनं आठ गाड्या आणल्या. वजन वाढावं म्हणून आतल्या कापसावर पाणी मारलेलं. मी म्हटलं, परत. साडू लाल झाला. “मला ओळखत नाहीस का रे?” म्हणाला. मी म्हटलं, “ओळखतो म्हणून तर कोपरापर्यंत हात घातला.” मालक आत बसून ऐकत होता. आठही गाड्या परत गेल्या. ही गोष्ट तालुकाभर झाली. ‘बापूना शबूद म्हंजे शबूद’ असं लोक म्हणायला लागले आणि मी ते ऐकून फुगलो. माणूस फुगला की त्याला पहिली गोष्ट जाणवते ती ही, की आपला पगार कमी आहे.

पहिली लढाई संपली आणि कापसाच्या भावाला वेड लागलं. बाजारात एका दलालाचं दुकान होतं. तिथे रोज मुंबईहून तार यायची आणि दुकानाबाहेरच्या काळ्या पाटीवर खडूनं भाव लिहायचे. पाटीपुढे ही गर्दी. वायदा म्हणजे पुढे येणाऱ्या मालाचा आजच सौदा करायचा. माल कुणी पाहायचा नाही, कुणी आणायचा नाही. ठरलेल्या दिवशी, त्याला वलण म्हणायचे, भाव चढला असेल तर घेणाऱ्यानं फरक खिशात घालायचा, उतरला असेल तर विकणाऱ्यानं. ज्यांना कापूस आणि सावरी यातला भेद कळत नव्हता, अशी माणसं त्या पाटीपुढे एका दुपारी माझा महिन्याचा पगार कमावताना मी पाहिली. माझ्या पोटात दुखायला लागलं. मला वाटलं, ही अडाणी माणसं एवढं कमावतात, तर कापसाची नस न् नस जाणणारा मी किती कमावीन.

ही चूक फक्त पारख्यालाच होते. किराणावाला असतो तर भीत भीत उतरलो असतो. मी छाती काढून उतरलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “हातमाना कापूस सोडा आनि हवामाना कापूस धरा.” मी तिच्यावर खेकसलो, बाईमाणसाला धंद्यातलं काय कळतं म्हणून. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मालकानं पगार वाढवतो म्हटलं, मी ऐकलं नाही.

पहिलं वर्ष सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. प्रकाशापासून शहाद्यापर्यंत मी शिवारं तुडवली. बोंडं हातांनी फोडून पाहिली. कीड भयंकर. पीक निम्मं येणार हे मला नखाएवढीही शंका न ठेवता कळलं. मी होता नव्हता तो पैसा भाव चढण्यावर लावला. पीक निम्मंच आलं आणि भाव मात्र पडला. मला प्रकाशाची कीड दिसत होती, मुंबईला सगळं जग दिसत होतं. घरातलं तांब्याचं घंगाळसुद्धा गेलं. पारखीपणाचा माज तेव्हाच उतरायला हवा होता. सुंभ जळला, पीळ तसाच राहिला.

मग मला त्या धंद्यातलं खरं खाणं सापडलं. त्याला तेजी-मंदी म्हणतात. वायद्यात नुकसान किती होईल त्याला तळ नसतो, म्हणून गरीब माणूस त्यात पडत नाही. त्याच्यासाठी ही सोय. त्यानं माझ्याकडे येऊन पाच रुपये ठेवायचे. याला तेजी लावणं म्हणायचं. वलणाच्या दिवशी कापसाचा भाव खंडीमागे जितके रुपये चढेल, त्याच्या दुप्पट मी त्याला द्यायचे. चढला नाही तर पाच रुपये माझे. भाव उतरेल असं वाटत असेल तर मंदी लावायची. बहुतेक वेळा काहीच होत नाही. भाव जागच्या जागी डुलतो आणि पाच-पाच रुपये मावळतात. मी ते पाच रुपये खाणारा झालो. माझ्याकडे झुंबड उडाली, कारण गावात असा धंदा करणारे आणखी होते, पण साडूच्या गाड्या परत लावणारा मी एकटाच होतो. चौदा वर्षं खरं बोलून जे नाव कमावलं ते मी असं बाजारात मांडून बसलो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. प्रकाशाचे एक पुजारी यायचे. ते महादेवाला वाहिलेल्या बेलाची पानं मोजून सम आली तर तेजी, विषम आली तर मंदी लावायचे. वर्षभर हरले, पण दोष महादेवाला कधी दिला नाही, बेल तोडणाऱ्याला दिला. धानोऱ्याचा एक पाटील धोतराच्या सोग्यात बोंडं बांधून आणायचा आणि माझ्यापुढे फोडून म्हणायचा, “पाहा, आते तरी इस्वास ठेवा.” मी विश्वास ठेवायचो आणि त्याचे पैसेही ठेवून घ्यायचो. त्याच्यात मला माझंच पहिलं वर्ष दिसायचं, आणि दया येण्याऐवजी हसू यायचं. तेव्हाचं ते हसू आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता गोजराबाईचं सांगतो. हे चऱ्हाट लांबवलंय ते तिच्यापर्यंत यायला जीव धजत नव्हता म्हणून.

गोजराबाई जिनातल्या बायांची मुकादम. कापूस झोडपून, निवडून यंत्रापर्यंत पोचवायचा हे बायांचं काम. पहाटे आत जायच्या त्या दिवेलागणीला बाहेर यायच्या, आणि बाहेर यायच्या तेव्हा भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या धुळीनं छाती भरते. गोजराची पोर सुंदरी वीस-बावीसची, नवऱ्यानं टाकलेली, आईजवळ जिनातच कामाला. दोन हंगामांत तिला खोकला असा लागला की एका दमात पायरी चढवेना. मी पारखी होतो तेव्हा यंत्रांच्या घरघरीतूनही तो खोकला मला ऐकू यायचा. ऐकायचो आणि पुढची गाडी पाहायचो.

त्या वर्षी हंगामाच्या मध्यावर, एका बाजारच्या दिवशी, गोजरा माझ्या दुकानात आली. पदराच्या गाठीत पस्तीस रुपये. सात जणींचे पाच-पाच.

“बापू, आम्हले तेजी लावनी शे,” ती म्हणाली.

“गोजरा, तेजी काय ऱ्हास हाई तुले माहीत शे का?”

“भाव वाढना तं तुम्ही देशात. नही वाढना तं आम्हना पाच गयात. इतलंच ना?”

“आनि भाव वाढी हाई तुले कोनी सांगं?”

“कोनीच नही. औंदा कपाशीमा सरकी जड शे, बापू. रुई कमी पडी ऱ्हायनी. परकाशानी गाडी ऱ्हावो, धानोरानी ऱ्हावो, समदीसनं तसंच. गाठी कमी बांधाई ऱ्हायन्यात.”

दुकानात दहा माणसं बसली होती, ती हसली. मीही हसलो. बोंड पाहून भाव सांगणारा पाटील होताच, आता सरकी पाहून सांगणारी बाई आली. माझ्या ध्यानात एवढंही आलं नाही, की पाटील एक शिवार पाहत होता आणि ही बाई सगळ्या शिवारांचा कापूस हातांतून काढत होती. मी चौदा वर्षं तंतूची लांबी पाहिली. यंत्राखाली शेवटी रुई किती पडते ते पाहायला मी कधी आत गेलो नव्हतो, धुळीचा त्रास होतो म्हणून. ते या सात जणींना माहीत होतं.

“आनि पैसाना काय करशी?” मी चेष्टेनं विचारलं.

“म्हैस लेवानी शे. साठ रुपयाले एक सांगेल शे,” ती म्हणाली. “सुंदरीले त्या धूयमातून काढनं शे. घरमा बसी दूध इकी ती.”

मी पस्तीस रुपये ठेवून घेतले. लिहून काही देत नसत. बोललं की झालं.

वलणाच्या आधी आठ-दहा दिवस भाव हलायला लागला आणि मग थांबेचना. त्याला मुंबईतलं कारण असेल, अमेरिकेतलं असेल, मला ठाऊक नाही. पण खानदेशातून गाठी कमी आल्या हे त्या कारणांत होतंच. वलणाच्या दिवशी पाटीवर वाढ लिहिली गेली एकतीस रुपये. म्हणजे एका तेजीमागे बासष्ट. अर्ध्या गावानं माझ्याकडे तेजी लावलेली. मी पाटीपुढेच उभा राहून मनातल्या मनात हिशेब केला.

पैसे पुरणार नव्हते. आता यशस्वी माणूस अशा वेळी काय करतो ते तरुणांनी नीट वाचावं. बाजारातल्या व्यापाऱ्यांचे पैसे मी पहिल्या दिवशी, पैन् पै दिले. ते दिले नसते तर दुसऱ्या दिवशी मला कुणी बाजारात उभं केलं नसतं. मग शिंपी, पोस्टमन, पुजारीबुवा, पाटील. या सगळ्यांनी पाटी पाहिलेली होती, त्यांचेही द्यावेच लागले. उरल्या सात बाया. त्या पहाटे जिनात शिरत आणि अंधार पडल्यावर बाहेर येत. त्यांनी पाटी पाहिलेली नव्हती, आणि पाहिली असती तरी त्यांना अक्षर येत नव्हतं. आणि त्यांना लागणारा भाव सांगणारा माणूस म्हणजे मी, ज्याचा शब्द तालुक्यात कुणी मोडत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गोजरा धावत आली. धापा टाकत उभी राहिली.

“भाव वाढना का, बापू?”

“वाढना,” मी म्हटलं. “बारा.”

“बाराच?”

“बारा.”

गाडीवाल्याला ‘दुसरा’ म्हणायचो त्याच आवाजात मी बारा म्हटलं. तिनं वाद घातला नाही. प्रत्येकीचे चोवीस, असे सातांचे पैसे मी तिच्या पदरात टाकले. पाचाचे चोवीस झाले म्हणून ती माझ्या पाया पडायला वाकली. साठाची म्हैस चोवीसात येत नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिचा चेहरा एवढासा झाला होता, तरी ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

चोरी एवढ्यावर राहिली असती तर ती पैशाची चोरी ठरली असती. बाजारात अशा पुष्कळ होतात आणि लोक त्या करून देवळं बांधतात. माझी त्याहून खालची झाली.

पुढच्या बाजारच्या दिवशी जिनाला सुट्टी होती. भर दुपारी सातही जणी माझ्या दुकानापुढे येऊन उभ्या राहिल्या. लक्ष्मी नावाची एक दांडगी बाई पुढे होती. तिचा भाऊ बाजारात हमाली करायचा. त्यानं तिला खरा भाव सांगितला होता. गोजरा सगळ्यांत मागे, पण घाबरलेली नव्हती. तिला वाटत होतं, आता बापूच सांगतील काय ते.

“बापू,” लक्ष्मी म्हणाली, “वलनले भाव कितला वाढना व्हता?”

दुकानात तीच दहा माणसं बसली होती. त्यांतल्या चौघांना मी एकतीसच्या हिशेबानं पैसे दिले होते. बारा म्हणालो असतो तर त्यांनी जागच्या जागी मला सोललं असतं. मी गोजराबाईला बारा सांगितले होते, असं म्हणालो असतो तरी माझं दुकान उठलं असतं. तिसरं एक उत्तर होतं आणि ते खरं होतं.

“एकतीस,” मी म्हटलं.

सहा जणी एकदम गोजराकडे वळल्या.

“तू आम्हले बारा सांगं,” लक्ष्मी म्हणाली.

“बापूनी मले बाराच सांगं,” गोजरा म्हणाली. “इचारा त्यासले.”

“बापू खोटं बोली का?” लक्ष्मीचा आवाज चढला. “मालकना साडूनं तोंड पाहीसन नही बोलना तो मानूस. तुले म्हैस लेवानी व्हती ना? तू खादं आम्हनं.”

गोजरानं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. “बापू,” एवढंच म्हणाली आणि वाट पाहत राहिली. मी टाक दौतीत बुडवला आणि काहीतरी लिहायला लागलो. काय लिहिलं देव जाणे. मान वर केली तेव्हा सहा जणी एका बाजूनं चालल्या होत्या आणि ती एकटी दुसऱ्या बाजूनं. बसलेल्यांतला एक म्हणाला, “बायकांच्या हातात पैसा देऊ नये तो यासाठी.” मी मान हलवली.

खरं बोलून माणसाला असं मारता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बायांनी गोजराच्या हाताखाली काम करायला नकार दिला. जिनानं तिची मुकादमी काढली आणि झोडपणीच्या खोलीत टाकलं, जिथे धूळ सगळ्यांत जास्त. सुंदरीही आईबरोबर तिथेच गेली. कुणी त्यांच्याशी बोलेना. पाणी प्यायला गेल्या की बाकीच्या उठून जायच्या. दोन हंगाम त्यांनी काढले आणि मग मायलेकी नंदुरबार सोडून खांडबाऱ्याकडे गेल्या. मी त्या दोन वर्षांत फायद्यात आलो. तिसऱ्या वर्षी माडी बांधली. बायकोला हे सगळं बाजारातून कळलंच होतं, पण गोजरानं खाल्लं असंच. ती म्हणाली, “गोजरा तशी वाटत नव्हती हो.” मी जेवत होतो, मी जेवत राहिलो.

यानंतरची वीस वर्षं म्हणजे संपादकांना हवं असलेलं यश. दोन वेळा बुडालो, तीन वेळा वर आलो, शेवटी हात धुऊन बाहेर पडलो तेव्हा माझ्याजवळ चार पैसे होते. तीन वर्षांपूर्वी गावानं माझा सत्कार केला. नारळ, शाल आणि एकाचं भाषण, सचोटी हेच ज्यांचं भांडवल, वगैरे. मी शाल पांघरून ऐकत बसलो. उठून दोन शब्द बोला म्हटले तर घसा बसलाय म्हणालो.

सत्कारानंतर महिनाभरानं एका लग्नाहून परत येताना मी खांडबाऱ्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होतो. फलाटाच्या टोकाला एक म्हातारी गवताच्या पेंढ्या घेऊन बसलेली. ती गोजरा होती. मी ओळखलं नव्हतं, तिनं ओळखलं. “बापू ना?” म्हणाली. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. सुंदरी आहे का विचारलं. आहे, म्हणाली, खोकते आणि झोपडीपुढे बसून गवत सोडवते. मी खिशात होते नव्हते ते सगळे पैसे काढले आणि तिच्यापुढे ठेवले. सातांचे राहिलेले होतात त्याहून जास्त होते.

तिनं नोटांना हात लावला नाही.

“पैसा आते कसाले?” ती म्हणाली. “जीनना दरवाजावर चाला. त्यासना सामने सांगा. ज्या जित्या शेतस त्यासले सांगा.”

“येतो,” मी म्हटलं. “दिवाळी होऊ दे.”

“दिवाई व्हऊ द्या. पन या.”

दिवाळी झाली. मला ताप आला होता. पुढच्या दिवाळीला नातीचं लग्न होतं. कारणांना काय तोटा. फलाटावर येतो म्हणताना मी खरंच जाणार होतो, आणि गाडीत बसल्यावर दोन स्टेशनं गेली नाहीत तोच मला शाल आठवली. तिसरी दिवाळी यायच्या आधी, गेल्या उन्हाळ्यात, सुंदरीनं एका माणसाकरवी निरोप पाठवला, माय गेली. मी स्वतः खांडबाऱ्याला गेलो आणि पैसे सुंदरीच्या हातात दिले. तिनं घेतले. का घेऊ नयेत? मला वाटलं होतं ती नाकारील आणि मला रडता येईल. तिनं मोजले, कमरेला खोचले आणि खोकत आत गेली.

संपादकांचं पत्र आलं ते त्यानंतर. इतकं लिहून झालं आणि माझ्या लक्षात आलं, की ज्यांना हे सांगायचं त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नाही. छापून कबुली देणं फार सोपं आहे. त्यानं वर नावही मिळतं. म्हणून हे पान थांबवलं आणि आज सकाळी जिनावर गेलो.

हंगामाआधीची साफसफाई चालू आहे. सहांपैकी दोघीच उरल्यात, लक्ष्मी आणि तुळसा. दोघी झाडायला असतात. तीस-चाळीस बाया दरवाजात आत जायच्या तयारीत उभ्या होत्या. मी म्हटलं, मला काही सांगायचंय. माझं नाव अजून चालतं, सगळ्या थांबल्या. मी सांगितलं. एकतीस रुपये चढले होते, मी गोजराला बारा सांगितले, तिनं तुमचा एक पैसा खाल्ला नाही, मी खाल्ला, आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी गप्प बसलो. एवढं बोलायला मला चार श्वास लागले. तरण्या बायांना काही कळलं नाही, त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. तुळसा खाली बसली.

लक्ष्मी आता वाकलीय. ती हळूहळू माझ्याजवळ आली. मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तर मी पुसलं नसतं. पण तिच्या तोंडावर राग नव्हताच, ती माझ्याकडे बघतही नव्हती.

“निरोप आना व्हता आम्हले,” ती म्हणाली. “आम्ही तिन्हा मयतले बी गऊत नही.”

मग तिनं टोपली उचलली, तुळसाला हाताला धरून उठवलं आणि दोघी आत गेल्या.